गाडीपासून पाण्यापर्यंतची शेवटची शंभर पावलं

प्रश्न थोडक्यात असा: आई 68 वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी पक्षाघात होऊन उजवी बाजू अधू झाली, बोलणंही थोडं अडखळतं. घरात चार पायांच्या काठीने दहा-पंधरा पावलं चालतात, बाहेर व्हीलचेअर लागते. माहेर गुहागरचं, मामा अजून तिथेच राहतात. ‘एकदा समुद्रावर न्या’ असं आई म्हणतात. घरचे म्हणतात, वाळूत खुर्ची जायची नाही, गाडीतूनच दाखवून आणू. पुण्याहून न्यावं का, आणि कसं?

न्या. रत्नागिरी जिल्ह्यात व्यवसायोपचार तज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमवून देणारी) म्हणून काम करताना 22 वर्षांत मी बरीच माणसं समुद्रावर नेली आहेत. पक्षाघाताची, पाठीच्या कण्याला इजा झालेली, पार्किन्सनची, गुडघ्यांनी जायबंदी झालेली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. प्रवास पाचशे किलोमीटरचा असला तरी जमतो. अडतं ते शेवटच्या शंभर पावलांत, म्हणजे गाडीचं दार उघडल्यापासून पाण्याच्या काठापर्यंत. किनारा किती सुंदर आहे, फोटो किती छान येतात, हे सगळं नंतर. आधी त्या शंभर पावलांचा विचार करायचा.

पण त्याच्याही आधी आईंना विचारा, ‘समुद्रावर न्या’ म्हणजे काय. हे मी उगाच म्हणत नाही. आमच्याकडे एक काका यायचे, पार्किन्सनचे. मुलांनी सुट्टी काढून त्यांना लांबच्या एका शुभ्र वाळूच्या किनाऱ्यावर नेलं आणि काका गप्पच बसून राहिले. पुढे बोलता बोलता उमगलं की त्यांना हवं होतं बंदर. होड्या लागताना बघायच्या होत्या, मासळीचा गलका ऐकायचा होता. ते काम जेटीवरच्या सपाट काँक्रीटवर अर्ध्या तासात झालं असतं. तुमच्या आईंना कदाचित पाण्यात पाय बुडवायचे असतील, कदाचित सूर्य बुडताना बघायचा असेल, कदाचित लहानपणी ज्या सुरूच्या बनात खेळल्या तिथे नुसतं बसायचं असेल. प्रत्येकाची तयारी वेगळी. उजवी बाजू गेलेल्या पुष्कळ जणांचं बोलणं अडखळतं आणि मग घरचेच त्यांच्या वतीने उत्तरं देऊ लागतात. तसं करू नका. हो-नाहीत उत्तर देता येईल असे छोटे प्रश्न विचारा, फोटो दाखवा आणि उत्तराला वेळ द्या. आईंना शब्द सापडायला मिनिट लागत असेल तर ते मिनिट थांबा.

आता वाळू. कोरड्या पुळणीत व्हीलचेअर रुतते ती पुढच्या छोट्या चाकांमुळे. ती अरुंद असतात, त्यांच्यावर भार आला की नांगरासारखी आत घुसतात. मागून जोर लावाल तर खुर्ची पुढे कलंडते. सुरुवातीच्या काळात माझ्या हातून एकदा असंच झालं. मी ढकलत होते, पुढची चाकं रुतली आणि आजी पट्टा नसल्याने पुढे घसरल्या. वाळू मऊ होती म्हणून खरचटण्यावर निभावलं. त्या दिवसापासून कमरेचा पट्टा बांधल्याशिवाय मी खुर्ची वाळूत उतरवलेली नाही, आणि कोरड्या वाळूत खुर्ची कधीही पुढे ढकललेली नाही. ती उलटी फिरवायची, किंचित मागे कलती करायची आणि मोठ्या चाकांवर ओढत न्यायची. दुसऱ्या माणसाने समोर राहून पावलांवर आणि तोलावर लक्ष ठेवायचं. असं नेताना आईंची पाठ समुद्राकडे राहील, हे आधी सांगून ठेवा, नाहीतर माणूस घाबरतो. टणक वाळू लागली की खुर्ची वळवायची.

फुगऱ्या चाकांच्या खास किनारा-खुर्च्या असतात. त्या वाळूत रुतत नाहीत, पण महाग असतात आणि आपल्याकडे सहज मिळत नाहीत. त्यांच्यावाचून अडत नाही. दोन प्लायवूडच्या पट्ट्या, प्रत्येकी साधारण सहा फूट लांब आणि खुर्चीपेक्षा थोड्या रुंद, आलटून पालटून पुढे टाकत नेता येतात. कोकणात माझा आवडता उपाय मात्र झाप. माडाच्या झावळीची विणलेली झाप वाळूवर अंथरली की भार पसरतो, चाक बुडत नाही आणि प्लायवर ओली वाळू पडून होते तशी ती निसरडीही होत नाही. आठ-दहा झापांत कोरडा पट्टा पार होतो. तुमच्या मामांकडे माड असतील तर अर्धं काम झालंच म्हणा.

कोरडा पट्टा संपला की ओहोटीने नुकतीच उघडी पडलेली ओली वाळू लागते. कणांमधलं पाणी कणांना धरून ठेवतं, त्यामुळे ती फरशीसारखी कडक असते. तिथे साधी व्हीलचेअरसुद्धा एका हाताने चालते. म्हणून सहलीचा दिवस शनिवार-रविवार बघून ठरवू नका, तिथी बघून ठरवा.

हिशेब आपल्या कोळ्यांचा आहे आणि सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावस्येला साधारण सव्वाअकरा. हाच नियम दिवसाच्या आणि रात्रीच्या दोन्ही भरत्यांना लागतो. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, ज्याला किनाऱ्यावर सुकती म्हणतात. वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. हा अंदाज आहे. उत्तरेकडे भरती थोडी उशिरा येते, मुंबईचं आणि रत्नागिरीचं घड्याळ अगदी एक नसतं. निघण्याआधी स्थानिक माणसाला विचारा किंवा त्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक बघा.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. संध्याकाळी न्यायचं असेल तर त्रयोदशी ते पौर्णिमा, किंवा वद्य त्रयोदशी ते अमावस्या. तेव्हा ओहोटी चार ते साडेपाचच्या सुमारास पूर्ण होते. उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचे दिवस असल्याने पाणी लांब मागे जातं आणि सूर्यास्ताच्या सुमाराला कडक वाळूचा रुंद पट्टा मोकळा मिळतो. सकाळी न्यायचं असेल तर द्वितीया ते चतुर्थी. अष्टमी-नवमीच्या संध्याकाळी मात्र जाऊ नका. सहा-पावणेसातला पूर्ण भरती असते, पाणी वर आलेलं असतं आणि हाताशी उरते ती फक्त मऊ वाळू. उधाणाच्या दिवशी एक पथ्य पाळायचं. पाणी जितकं लांब गेलेलं असतं तितक्याच वेगाने ते परत येतं. ओहोटी पूर्ण झाल्यावर तासाभरात परतीला लागा. खुर्ची घेऊन पळता येत नाही.

मला स्वतःला सकाळ जास्त आवडते. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन पाठीमागून येतं आणि सुरूच्या-माडाच्या सावल्या पुळणीवर पडलेल्या असतात. वाळू थंड असते, डोळ्यांवर चकाकी येत नाही, गर्दीही नसते. पक्षाघात झालेल्या माणसाची ताकद सकाळी जास्त असते, संध्याकाळपर्यंत ती थकते. पण सूर्यास्त बघायची इच्छा असेल तर आईंना दुपारी दोन तास झोपवा आणि मग न्या. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरच्या उकाड्यात नको, आणि पावसाळ्यात किनाऱ्याजवळसुद्धा नको.

पाण्यात पाय बुडवण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. घरच्यांना वाटतं, दोघांनी धरून उभं करू, लाट येऊन जाईल. लाट येताना काही होत नाही, परत जाताना ती पायांखालची वाळू काढून नेते. धडधाकट माणसाचीही टाच खचते. ज्यांना उजव्या पावलाची नीट जाणीवच नाही त्यांचा तोल तर एका क्षणात जातो. म्हणून उभं करू नका. खुर्ची लाटेचं शेवटचं पातळ पाणी पोचतं तिथे थांबवा, ब्रेक लावा, एक माणूस मागे दांडे धरून आणि दुसरा उजवीकडे, म्हणजे अधू बाजूला. ब्रेक लावला म्हणून निर्धास्त होऊ नका, चाकांखालचीही वाळू लाटा तशीच उपसतात. चार-पाच लाटा झाल्या की खुर्ची हातभर सरकवा. उजवा हात मांडीवर उशी ठेवून तिच्यावर टेकवा, तो खाली लोंबकळू देऊ नका. उजवं पाऊल पट्टीने फूटरेस्टवर ठेवा, नाहीतर ते घसरून चाकात जातं. आणि काहीही झालं तरी अधू हाताला धरून ओढू नका. तो खांदा एकदा दुखावला की महिनोन् महिने दुखतो. आधार द्यायचा तो कमरेच्या पट्ट्याला.

लाटेपर्यंत जाणं जमलंच नाही तर घमेल्यात समुद्राचं पाणी आणा, कडक वाळूवर खुर्चीपुढे ठेवा आणि आईंचे पाय त्यात सोडा. समोर समुद्र, पायाला खारं पाणी, तळव्याखाली थोडी वाळू. हे मी कित्येकांसाठी केलं आहे आणि ते दुय्यम वाटून घ्यायचं काहीच कारण नाही. फक्त पाण्यात आणि वाळूत शिंपल्याचे तुकडे नाहीत ना ते हाताने चाचपून बघा. जाणीव कमी असलेल्या पायाला कापलेलं कळत नाही. मधुमेह असेल तर वाळूत अनवाणी नाहीच, घट्ट बसणाऱ्या रबरी चपला घालूनच. अंगावर कुठेही उघडी जखम किंवा शय्याव्रण (पडून-बसून राहिल्याने होणारी जखम) असेल तर समुद्राचं पाणी लागू देऊ नका. त्यातले काही जिवाणू जखमेतून गंभीर संसर्ग करतात.

आता ज्या गोष्टीबद्दल कोणी विचारत नाही ती. लघवी. सहलीच्या आदल्या रात्रीपासून पाणी पिणं बंद करणाऱ्या कितीतरी आजी मी पाहिल्या आहेत. ‘तिथे सोय नसली तर पोरांना त्रास नको,’ एवढाच त्यामागचा विचार. मग लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, उन्हात रक्तदाब खाली जाणं. पक्षाघात होऊन गेलेल्या माणसाला शरीरातलं पाणी कमी होणं फार महागात पडतं. आईंना पाण्याच्या, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची वेळ डॉक्टरांना विचारून प्रवासाच्या दिवसापुरती पुढे-मागे करता येते का ते बघा. गोळी आपल्या मनाने गाळू नका. गाडीत घडीची कमोड खुर्ची ठेवा आणि कपडे बदलायला मिळतो तसा छोटा उघडमिट तंबू. दोन्ही मिळून डिकीचा एक कोपरा लागतो. ही सोय आहे हे आईंना आधी दाखवा, घरात एकदा वापरून बघा. मग त्या पाणी पितील.

राहायचं मामांकडे असेल तर तिथलीही शंभर पावलं मोजावी लागतील. कोकणातली जुनी घरं प्रेमळ असतात, पण चाकासाठी बांधलेली नसतात. रस्त्यापासून खाली उतरणारी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, मग चिऱ्याचं जोतं, ओटीच्या पायऱ्या, प्रत्येक दाराला उंबरा आणि बऱ्याचदा न्हाणीघर बाहेर. दीड फूट उंच जोत्याला नियमाप्रमाणे उतार करायचा तर एकास बारा या मापाने 18 फूट लांबी लागते. लोक चार फुटांची फळी लावतात आणि तिच्यावरून खुर्ची चढवतात, ते मला बघवत नाही. त्यापेक्षा दोन माणसांनी खुर्ची उलटी करून एकेक पायरी चढवणं जास्त सुरक्षित. एक मागे दांड्यांशी, एक पुढे खुर्चीच्या सांगाड्याला धरून. फूटरेस्टला धरू नका, ती निघून हातात येते.

बाहेर खोली घेणार असाल तर फोनवर ‘व्हीलचेअर जाईल का’ असं विचारू नका. आपल्याकडे उत्तर ठरलेलं: ‘या हो, उचलून नेऊ की!’ ते मनापासूनच असतं. पण उचलून नेलं जाणं वेगळं आणि आपलं आपण आत जाता येणं वेगळं. अनोळखी माणसांनी उचललेलं चालेल का, हेही आईंनाच विचारायचं. खोलीवाल्यांना सांगा, गाडी थांबते तिथून संडासापर्यंत चालत एक व्हिडिओ काढून पाठवा आणि संडासाच्या दाराची मोकळी रुंदी टेपने मोजून कळवा. साधी व्हीलचेअर 25-26 इंच रुंद असते. संडासाचं दार बरेचदा 24 ते 27 इंचांचं असतं आणि कडी-बिजागऱ्यांमुळे त्यातलंही इंचभर जातं. खुर्ची आत जात नसेल तर दारापासून कमोडपर्यंत आईंना काठीने किती पावलं टाकावी लागतील आणि धरायला डाव्या हाताला काही आहे का, ते बघा.

गुहागर तुमच्या बाबतीत चांगली निवड आहे, केवळ माहेर म्हणून नव्हे. गाव किनाऱ्याला लागूनच लांबवर पसरलेलं आहे, त्यामुळे पुळणीजवळ गाडी न्यायला अनेक वाटा आहेत आणि उतरायला सोयीची वाट निवडता येते. 2025 साली महाराष्ट्रातल्या ज्या पाच किनाऱ्यांना स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांसाठीचं आंतरराष्ट्रीय ब्लू फ्लॅग मानांकन मिळालं त्यात गुहागर आहे. बाकीचे श्रीवर्धन, नागाव, लाडघर आणि डहाणूचा पर्नाका. या मानांकनाच्या 33 निकषांत दिव्यांगांसाठी वाट आणि सोयी हाही एक आहे. म्हणून नगरपंचायतीला फोन करून विचारा, पण ‘सोय आहे का’ असं नको. ‘आज वाट टाकलेली आहे का, ती कुठे संपते, किनारा-खुर्ची आहे का आणि तिची किल्ली कोणाकडे असते’ असं विचारा. चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर नोव्हेंबर 2022 मध्ये दिव्यांगांसाठी 263 मीटरची लाकडी वाट झाली. किती आनंद झाला होता मला! दोन आठवड्यांत मांदूस चक्रीवादळाने तिची मोडतोड केली आणि ती पुन्हा दुरुस्त करावी लागली. समुद्राकाठी बांधलेल्या कुठल्याही गोष्टीचं असंच असतं. ती एकदा बांधून भागत नाही, सतत राखावी लागते. मागच्या वर्षीच्या फोटोवर विसंबू नका. आपल्याकडे तर पेव्हर ब्लॉकची देखणी वाट वाळूच्या अलीकडे फूटभर पायरी ठेवून संपलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सार्वजनिक जागा सुगम असाव्यात असं सांगतो, आणि ती एक पायरी माणसाला तिथूनच परत पाठवते. दिसली तर फोटोसह लेखी तक्रार करा, मी दरवेळी करते.

पुण्याहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे गुहागरला जाता येतं. पण आईंना वळणांचा त्रास नसेल आणि वाटेत एक मुक्काम करायची तयारी असेल तर ताम्हिणी घाटाने दापोलीत उतरा आणि दुसऱ्या दिवशी दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला जा. गाडी थेट बोटीवर चढते. आईंना जागेवरून हलावंही लागत नाही आणि वाशिष्ठीच्या खाडीचा वारा खिडकीतून आत येतो. चढवणाऱ्या पोरांना सांगा, आई आहेत, गाडी कडेला लावा. ती आनंदाने लावतात. पूर्ण ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त तिरका असतो, तेव्हा गाडी हळू घ्या, आईंच्या मानेला हिसका बसतो. बोटीच्या लोखंडी तळावर पाणी आणि ग्रीस असतं, त्यामुळे खुर्ची बाहेर काढायचा मोह टाळा.

गुहागरात असताना वेळणेश्वर करता येईल. देऊळ, माड आणि किनारा जवळजवळ आहेत. हेदवीची बामणघळ, म्हणजे समुद्रकाठच्या खडकातली घळ, आईंसाठी नाही, तिथे खडकांवरून चालावं लागतं. गणपतीपुळ्याला जाणार असाल तर तिथल्या पाण्यात कोणालाच उतरवू नका, तो समुद्र फसवा आहे. तिकडे जाताना आरे-वारेचा रस्ता घ्या. वरून खाली दोन्ही किनारे गाडीत बसून दिसतात, आणि गाडीतून समुद्र बघायचाच असेल तर तो असा बघावा. किनाऱ्यावर मात्र गाडी घालू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. चाकं रुततात, भरती येते, आणि गुहागरच्या वाळूत कासवं अंडी घालतात.

परतल्यावर त्याच संध्याकाळी खुर्ची गोड्या पाण्याने धुवा, छोट्या चाकांच्या आसांत अडकलेली वाळू ब्रशने काढा, कोरडी पुसा आणि तेल सोडा. खारं पाणी आठवड्याभरात बेअरिंग धरतं. आईंचे पाय बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसा, ओले कपडे लगेच बदला आणि कंबरेखालची कातडी लाल झाली आहे का ते बघा.

मामांना आत्ताच फोन करा. दहा झापा आणि एक घमेलं एवढं सांगून ठेवा. आणि जी तिथी निवडाल तिच्या आदल्या दिवशी त्याच वेळेला त्यांना पुळणीवर जाऊन बघायला सांगा, कोरड्या वाळूचा पट्टा किती पावलांचा आहे ते.